चिकातला दाणा

या, टेका इथं. चहाला अजून उकळी न्हाई. तवर एक गोष्ट सांगतो, ऐका. गोड न्हाई, आदीच सांगून ठिवतो. आन् मधी उठून जायचं न्हाई. अर्धी ऐकून गेलात तर ती बाई तुम्हाला येडी वाटंल, आन् ती येडी न्हाई.

आमच्या टाकळीमाथ्याला सुगलाबाई म्हणून हाय. इराप्पाची बायको. बारावी शिकलेली, बोलायला कमी, कामाला वाघ. तिच्या सासऱ्याचं, म्हंजे बसाप्पाचं, तळ्याच्या वरल्या अंगाला काळंभोर रान हाय. त्या रानातल्या एका तुकड्यात कंपनीनं नव्या ज्वारीची चाचणी लावली. सगळं तिथून निघालं.

तुम्ही परगावचे, शेतातले दिसत न्हाई, म्हणून जरा इस्कटून सांगतो. ज्वारी कोवळी असती तवा तिच्या अंगात जहर असतं. हे आजचं न्हाई, मुळापासूनचं. पानात दोन डबे हायेत असं समजा. एका डब्यात कडू साखर, दुसऱ्यात ती फोडणारा रस. डबे अलग हायेत तवर काय व्हत न्हाई. जनावरानं चावलं की डबे फुटतात, रस आन् साखर एक व्हतात, आन् त्यातून इखारी वायू निघतो. मग हवा भरपूर असती, रगात लालभडक असतं, पर अंगाला ती हवा घेताच येत न्हाई. गाय उभ्या उभ्या गुदमरती. आमच्याकडं म्हणतात किराळ लागली. म्हणून कोवळ्या ज्वारीत कुणी गुरं सोडत न्हाई. ताट मोठं झालं की ते जहर आपसूक कमी व्हतं.

कंपनीच्या शास्त्रज्ञांनी काय केलं, बीजातलं एक बटण असं फिरवलं की जहर कमीच हुऊ नये. ताटात, पानात शेवटपर्यंत ऱ्हावं. खोडकिडा तोंड लावतो आन् तिथंच गपगार. फवारा नको, औषध नको. दाण्यासाठी दुसरं बटण. दाणा वाळायला लागला की त्यातलं जहर मोडून जातं. वाळल्या दाण्याची भाकरी शास्त्रज्ञांनी सोता खाल्ली, पेपरात फोटो बी आला. कडबा मातूर जनावराला चालणार न्हाई, तो जाळून वीज करायची असं ठरलं.

गावानं त्या ज्वारीचं नाव ठिवलं सासूबाई. दिसायला टवटवीत, तोंड लावलं की खेळ खलास.

चाचणीचे नियम लई कडक. तुकड्याला तारेचं कुंपण. आजूबाजूला कुणी ज्वारी पेरायची न्हाई, म्हणून बसाप्पाच्या बाकीच्या रानात नुसता हरभरा. आतलं पान बाहेर जायचं न्हाई, बाहेरची चप्पल आत जायची न्हाई. तोंडात टाकायचं तर नावच काढायचं न्हाई. मधोमध एक खांब आन् त्याच्या डोक्यावर डोळा. तो रोज कणसं मोजायचा. एखादं कमी पडलं की रक्षकाच्या फोनला इचारायचा, कुठं गेलं? रक्षक म्हंजे आपली सुगलाबाई. मालकाच्या घरातला माणूस रक्षक नसावा असा नियम व्हता म्हणं, पर तळ्याकडं ऱ्हाणारं शिकलेलं दुसरं कुणी सापडंना. चाचणीवर नजर ठिवणाऱ्या सरकारी समितीनं तिलाच शिकवलं, तिलाच नेमलं.

सकाळी उठून तुकड्यात फिरायचं, मेलेलं पाखरू, मेलेला उंदीर दिसतो का बघायचं, हे तिचं काम. कधीच काय सापडलं न्हाई. सापडणार कुठून? पाखरू त्या तुकड्यावर बसतच न्हवतं. बांधावरल्या बोरीवर थवा यायचा, ज्वारीकडं बघायचा, आन् उडून हरभऱ्यातल्या अळ्या टिपायला जायचा. सुगलानं हे कैकदा बघितलं. फोननं तसं कधी इचारलं न्हाई, तिनं सांगितलं न्हाई.

चाचणीचं दुसरं साल चालू व्हतं, आन् आली येळवस.

तुमच्याकडं नसंल ही. थंडीतल्या एका अवसेला आमच्याकडं सगळं गाव रानात जातं. गावात कुत्रं सुदिक ऱ्हात न्हाई. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, भज्जी, उंडे, अंबील, पोट फुटंस्तवर खायचं. वाटंनं जाणारा दिसला तर त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. त्या दिवशी रानात बसलेल्या माणसाला न्हाई म्हणायचं न्हाई, हा आमचा रिवाज.

बसाप्पा पंच्याऐंशीच्या घरातला. तोंडात दात नावाला न्हाई. कवळी केलती, ती एकदा म्हशीच्या गव्हाणीत पडली. म्हशीनं घालून बघायच्या आदी काढली म्हणून सांगायचा, पर परत तोंडात घातली न्हाई. तर म्हातारा कोपीपुढं घोंगड्यावर बसला, अंबील प्याला, मिशी पुसली आन् म्हणला, "सुगला, हुरडा कुठाय?"

"हाय की आप्पा. पाटलाच्या रानातला आणलाय, भाजायलेत तिकडं."

"पाटलाचा हुरडा पाटलाला चार. मागल्या येळवशीला बी तू मला त्याचाच चारलीस. आपल्या रानाचा दाणा तोंडात पडला न्हाई तर ही कोप कशाला घातली?"

"आपल्या रानात औंदा हरभरा हाय आप्पा."

म्हाताऱ्यानं काठी तारेकडं केली. "आन् ते काय, बांबू हायेत?"

"ती कंपनीची हाय."

"ज्वारी कंपनीची. माती कुणाच्या बापाची?"

इराप्पा हसला. म्हणला, "दे की गं दोन-चार कणसं. म्हातारं माणूस. पुढल्या येळवशीला असंल, नसंल."

सुगलानं तारेकडं बघितलं. साहेबलोकांनी भाकरी खाल्लेली तिला ठावं व्हतं. दाण्यात काय न्हाई, असंल ते ताटात, असं तिनं मनाशी धरलं. आन् येळवशीच्या दिवशी सासऱ्याला न्हाई कसं म्हणायचं? उठली. तारेपाशी बाहेरल्या चपला काढल्या, आतल्या घातल्या, नियमाप्रमाणं. पाच कणसं मोडली. बाहेर यायच्या आदीच फोन वाजला. पाच कणसं कमी, कारण सांगा. खाली बटणं व्हती: वारा, रोग, उंदीर, पाखरं. माणूस असं बटणच न्हवतं. तिनं पाखरं दाबलं. फोन म्हणला, धन्यवाद.

दाणा नुकता चिकात आलेला. नखानं दाबला की दूध निघावं असा. भाजला तर बिनदाताच्या माणसाला चावायचा न्हाई. आमच्याकडं अशा म्हाताऱ्याला, न्हाईतर आईच्या अंगावरून सुटलेल्या लेकराला, कच्चाच हुरडा वाटून देतात. दगडावर बारीक वाटायचा, फडक्यातून पिळायचा, दूध-गूळ घालून वाटीत द्यायचा. खरवसासारखा लागतो.

सुगलानं वाटला, पिळला, वाटी सासऱ्याच्या हातात दिली. म्हाताऱ्यानं आदी पांडवांवर थेंब शिंपडला, मग घोट घेतला.

"कडवट लागायलंय गं."

"कोवळा हाय म्हणून असंल. थांबा, गूळ घालते."

मूठभर गूळ घातला. म्हातारा सगळं प्याला, बोटानं वाटी पुसून चाटली. म्हणला, "हां. आता लागलं आपलं रान."

तिकडं पाटलाच्या आगटीवर माणसांचा गलका चाललेला. हिकडं म्हातारा म्हणला डोकं गरगरायलंय. सुगलानं उशाला पटकूर दिलं. मग दम लागला. तोंड उघडून हवा ओढायचा, लोहाराच्या भात्यावाणी छाती वरखाली, पर हवा आत पोचल्यासारखी वाटंना. इराप्पानं उचलून जीपमध्ये घातला. तालुक्याच्या दवाखान्याच्या दारातच संपला. डॉक्टरनं वय इचारलं, नाडी बघितली, हार्ट म्हणला. पंच्याऐंशीच्या माणसाला आणखी काय म्हणणार? त्या सांजेला सगळ्या शिवारात पेटते हेंडगे, म्हंजे कडब्याच्या मशाली, फिरले, बसाप्पाच्या रानाला फिरवायला कुणी ऱ्हायलं न्हाई.

लिंगायताचं घर. आम्ही जाळत न्हाई, बसवतो. रानाच्या कोपऱ्यात खड्डा घेतला, मांडी घालून म्हाताऱ्याला बसवला, हातात लिंग, भोवतीनं इभूत आन् मीठ. शेवटचं तोंड बघायला सुगला वाकली, आन् वाकल्या जागी खिळली. मेलेलं माणूस पांढरं पडतं. बसाप्पाच्या गालावर लाली व्हती, आत्ताच कुणी थट्टा केल्यासारखी.

तिच्या माहेरी एक गाय किराळ लागून गेली व्हती. तिची हिरडी अशीच लाल. तिनं हवा अशीच ओढली व्हती.

तिसऱ्याचं झालं. सकाळी इराप्पा म्हशीची धार काढायला बसला व्हता. सुगला मागं येऊन उभी ऱ्हायली.

"अवो, आप्पाला किराळ लागली."

त्याचा हात थांबला न्हाई. "माणसाला कवा किराळ लागती?"

"कच्चा वाटून दिला मी. चावण्यापेक्षा वाटल्यानं डबे जास्ती फुटतात. आमाला शिकवलंय की ते. वाळल्या दाण्यातलं जहर मोडतं. तो चिकातला व्हता, त्यात मोडलंच नसंल. कडवट लागतंय म्हणले, तर मी गूळ घातला."

"मग साहेबाला सांग जा. म्हणावं, मी सासरा मारला."

धारंचा आवाज बंद झाला. इराप्पा उठला, बादली खाली ठिवली. त्याचा आवाज उतरला व्हता. "हे बघ सुगला. बाप माझा गेलाय. दे म्हणणारा बी मीच. तू काय मुद्दाम केलीस का? आपल्या दोघात ऱ्हाऊ दे हे. त्याला बसवलाय तिथं बसू दे."

वरडला असता, हात उगारला असता तर बरं झालं असतं, असं ती मागनं म्हणायची. त्यानं समजून घेतलं, आन् तिचं तोंड बंद झालं.

हंगाम सरला. तुकडा नियमाप्रमाणं जाळला, राख खड्ड्यात गेली. एक ताट मागं ऱ्हायलं न्हाई. समितीचे केसकर साहेब बघायला आले. चांगला माणूस. उन्हात सोता फिरायचा, गड्याच्या तांब्यातलं पाणी प्यायचा. त्यांना चहा देताना सुगलानं इचारलं, "साहेब, चिकातला दाणा तपासला का कुणी?"

"नाही तपासला. पण आता गरजच राहिली नाही, ताई. तुमचीच नोंद आहे ना? पाच कणसं चिकात असताना पाखरांनी खाल्ली, आणि आसपास एकही पाखरू मेलेलं नाही. दोन वर्षांतली सगळ्यात मोलाची नोंद आहे ती."

सुगलानं बशी खाली ठिवली. "पर उद्या बियाणं सुटलं तर लोक हुरडा खातील की."

"भाजून खातील. आगटीच्या जाळावर बरंचसं उडून जातं. त्याचा विचार झालाय."

"आन् कच्चा वाटला तर?"

साहेब हसले. "कच्चा कोण वाटतं, ताई?"

रिवाज सांगावा तर साहेब इचारणार, कुणाला दिला? सांगायचं म्हणलं तर एकच माणूस सांगता येत व्हता, आन् तो कोपऱ्यात मातीत बसला व्हता.

मग तालुक्याला सुनावणी ठेवली. बियाणं सोडायचं का न्हाई, लोकांचं म्हणणं ऐकायचं. मोठा हॉल, भिंतीएवढा पडदा. पडद्यावर टाकळीमाथ्याचं रान दिसलं तसं आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कंपनीचा पोरगा बोलायला चांगला व्हता. म्हणला, पुढल्या पेरणीला बियाणं दुकानात येईल. कुणाला शंका वाटत असंल तर ह्या शिवारातली पाखरंच आमची साक्षीदार हायेत. पडद्यावर पाच हा आकडा आला आन् शेजारी चिमणीचं चित्र.

सुगला बायकांच्या रांगेत बसली व्हती. एक लेकुरवाळी पुढं बसलेली, तिच्या मांडीवरलं पोरगं बिनदाताचं तोंड उघडून हिच्याकडं बघत व्हतं. पुढली थंडी येईल, कुणाचं तरी लेकरू अंगावरून सुटंल, आन् कुणीतरी मायेनं दगड धुऊन वाटायला बसंल. कडवट लागलं तर गूळ घालंल. हे तिच्या डोळ्यापुढं उभं ऱ्हायलं, आन् ती बी उभी ऱ्हायली.

"पाखरं न्हवती ती," ती म्हणली. "मी व्हते."

तिनं सगळं सांगितलं. कणसं, दगड, गूळ, वाटी. माईक न्हवता तरी शेवटच्या रांगेला ऐकू गेलं. केसकर साहेबांचं तोंड मेणासारखं झालं. कंपनीचा पोरगा पाणी प्याला.

मग इराप्पा पुढं गेला. माईक हातात घेतला. बायकोकडं बघितलं न्हाई. "माझा बाप वयानं गेला," म्हणला. "तवापासून हिचं मन ठिकाणावर न्हाई. पाखरंच व्हती. मी व्हतो की तिथं."

हॉलमधनं कुणीतरी म्हणलं, बसा ओ बाई खाली. आमच्याच गावचा व्हता तो.

केसकर साहेब मागनं तिला बाहेर व्हरांड्यात भेटले. "मी तुमच्यावर विश्वास ठेवतो," म्हणले. "पण माझ्या विश्वासावर बियाणं थांबत नाही. तुकडा जळालाय, दाणा शिल्लक नाही. नवीन चाचणी लावायची तर मागणी करायला पुरावा हवा, आणि पुरावा एकाच ठिकाणी आहे."

"आप्पाच्या पोटात."

"हो. विष एव्हाना सापडणार नाही. पण त्या ज्वारीच्या बीजात कंपनीने जी खूण घातली आहे ती चिवट असते. मिठात ठेवलंय म्हणता, तर चिकाचा कणभर अंश राहिला असेल. तेवढ्यावरून यंत्र एका दिवसात सांगतं, कुठल्या झाडाचा. नाहीही सापडणार. आणि सापडलं तर, ताई, गुन्हा पहिल्यांदा तुमच्यावर दाखल होईल. नियम मोडून चारलंत म्हणून."

"व्हऊ द्या," सुगला म्हणली. "आदी उकरा."

तर आता असं हाय. वरून परवानगी आली. उद्या दिवस उगवल्यावर तहसीलदार येणार, डॉक्टर येणार, माती उकरणार. परवा समितीची शेवटची बैठक हाय. त्यात पुरावा गेला न्हाई तर बियाणं सुटलं. गाव सगळं तिच्या इरोधात. एकाला वाटतं, बसवलेल्या माणसाला हलवलं तर गावाला चांगलं न्हाई. दुसऱ्याला वाटतं, येळवशीला आपण बी तिथं जेवलो, उद्या आपल्याला बी कोर्टात उभं करतील. भावकीनं तिच्या हातचं पाणी बंद केलंय. इराप्पा दुपारपासून बापाच्या समाधीपाशी घोंगडं टाकून बसलाय. मारामारी करणार न्हाई तो. नुसता बसलाय. सुगलानं मघाशी त्याला भाकरी नेऊन दिली. त्यानं घेतली, पर तिच्यासमोर खाल्ली न्हाई. म्हणला, "तू गुन्हेगार झालीस की मी काय करू, तेवढं सांगून जा."

मी तिला इचारलं, "बाई, सापडलं तर जेलात जाशील, न सापडलं तर गावात ऱ्हायला तोंड ऱ्हाणार न्हाई. मग कशाला?" म्हणली, "अण्णा, ते कडवट म्हणले व्हते. मी ऐकलं न्हाई. आता निदान दुसऱ्या कुणाला ऐकू तरी जाऊ द्या."

आता तुम्हाला का बसवलं ते सांगतो. माती उकरायला पंचनामा लागतो, आन् पंचनाम्याला दोन पंच. नात्यातला चालत न्हाई, भावकीतला चालत न्हाई. दोघं उभं ऱ्हायले न्हाईत तर तहसीलदार आल्या पावली माघारी जातो, तसा त्यानं निरोपच दिलाय. एक पंच मी हाय. दुसरा गावात मिळंना. सकाळपासून ज्याला इचारलं त्याला नेमकं उद्याच कुठंतरी जायचं हाय.

तुमचं आमच्यात कुणी नातं न्हाई, वैर न्हाई. काय बोलायचं न्हाई, कुणाची बाजू घ्यायची न्हाई. कडंला उभं ऱ्हायचं, काय निघतं ते डोळ्यानं बघायचं, आन् बघितलं तेवढ्याखाली सही करायची. झोपायची सोय माझ्याकडं हाय, गोधडी धुतलेली हाय. आजच्या रात्री ऱ्हाता का?